पडद्याआडचा गुलाम

२२ नोव्हेंबर

मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा सकाळीच फोन. डिसेंबरातल्या कार्यक्रमात छापचित्रांवर तासभर बोलाल का, पडद्यावर चित्रं दाखवून? मी हो म्हटलं आणि विषयही सांगून टाकला : रोमच्या जुन्या दंतकथांमधले खून, अपहरणं, बलात्कार, आणि ते तांब्याच्या पत्र्यावर कोरणारे सोळाव्या शतकातले कलावंत. त्या जरा थांबून म्हणाल्या, "ताई, लेकीसुनांना घेऊन येतात हो बायका. रविवर्मा नाही का चालणार?" रविवर्माही येणार आहेत, म्हटलं. शेवटी "बघा, तुम्हाला कळतं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हा विषय मनात फार वर्षं आहे. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी भोपाळच्या भारत भवनाचं उद्घाटन झालं. चार्ल्स कोरियांनी मोठ्या तलावाकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी ती इमारत बांधली आणि चित्रकार स्वामीनाथन यांनी तिथल्या रूपंकर या कलासंग्रहालयाचा कारभार हाती घेतला. पाटणगढहून आलेले जनगढसिंह श्याम ज्या ग्राफिक विभागात काम करत, त्याच विभागात मी पुढे प्लेट घासायला शिकले. १९८९ मध्ये इथे छापचित्रांचं पहिलं आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन भरलं, तेव्हा देशोदेशीचे कागद डोळ्यांपासून चार बोटांवरून पाहिले. जुन्या युरोपीय कोरकांची कामं आम्ही रेघांसाठी पाहायचो. दंडाचा गोलवा कसा आणलाय, सावली किती जाळ्यांची आहे. आज मी अरेरा कॉलनीतल्या या मागच्या खोलीत पोरांना तेच शिकवते. रेघांबद्दल पुष्कळ बोलून झालं. त्या रेघांनी जे घडताना दाखवलं आहे, त्याबद्दल आता बोलायचं आहे.

२४ नोव्हेंबर

सुरुवात मार्कान्तोनिओ रायमोंदीच्या लुक्रेशियापासून करणार. साल १५१०-१२च्या आसपास, चित्र रफाएलचं, कोरणी मार्कान्तोनिओची. आकार वहीच्या पानाएवढा, साधारण २१ बाय १३ सेंटिमीटर. कलावंतांची चरित्रं लिहिणारा वासारी सांगतो की हे चित्र पाहून रफाएल इतका खूश झाला, की आपली रेखाटनं छापून बाहेर काढायची असं त्याने ठरवलं. एका अर्थी युरोपातला चित्रांचा मोठा व्यापार या बाईच्या मरणावर उभा राहिला.

कथा रोमन इतिहासकार लिव्हीच्या इतिहासाच्या पहिल्याच खंडात आहे. राजपुत्र सेक्स्टस टार्क्विनियस रात्री तलवार घेऊन लुक्रेशियाच्या खोलीत शिरतो. मरणाला ती भीत नाही, म्हणून तो दुसरी धमकी देतो : तुला मारीन, एका गुलामाचा गळा कापून त्याचं नागडं प्रेत तुझ्या शेजारी टाकीन, आणि दोघांना एकत्र पकडलं असं सांगेन. दुसऱ्या दिवशी ती वडिलांना आणि नवऱ्याला बोलावते, सगळं सांगते, सूड घ्यायचं वचन घेते आणि छातीत सुरा खुपसते. नवऱ्यासोबत आलेला ब्रूटस तो सुरा उपसून शपथ घेतो, राजे हाकलले जातात, रोममध्ये प्रजासत्ताक येतं. परंपरेने त्याचं साल इसवी सनपूर्व ५०९.

मार्कान्तोनिओच्या चित्रात यातलं कुणीही नाही. टार्क्विन नाही, पलंग नाही, बाप नाही, नवरा नाही. बाई एकटी उघड्यावर उभी आहे, हात पसरलेले, सुऱ्याचं टोक छातीकडे. वार अजून झालेला नाही. भिंग लावून दंड पाहिला. प्रत्येक रेघ दंडाच्या वळणाबरोबर वळते, उजेडाकडे जाताना बारीक होत विरते, आणि विरली तिथे कोऱ्या कागदाची त्वचा होते. दगडावर मात्र रेघा सरळ, आडव्या, कोरड्या. एवढ्याशा फरकाने मांस आणि दगड वेगळे झाले.

तिचा पसरलेला हात मला साक्ष देणाऱ्या माणसाचा वाटतो, सभेत उभं राहून बोलणाऱ्याचा. शेजारच्या दगडावर मात्र ग्रीक अक्षरं आहेत, अर्थ असा की लाजिरवाणं जगण्यापेक्षा मेलेलं बरं. तो दगड मला खटकतो. बाई बोलते आहे आणि निकाल बाजूला आधीच कोरून ठेवला आहे.

२७ नोव्हेंबर

पोरांचा वर्ग. थंडीने शाई घट्ट झाली होती, प्लेट हीटरवर जरा जास्त वेळ ठेवावी लागली. ई-७ मधून येणारा मुलगा बऱ्याच दिवसांपासून ब्युरिन, म्हणजे तांबं कोरायचं हत्यार, मागत होता, आज त्याच्या हातात दिला. एचिंगमध्ये सुई मेणावर फिरते आणि चावण्याचं काम फेरिक क्लोराइड करतं. इथे तांबं स्वतः कापावं लागतं. मूठ तळहाताच्या खळग्यात, टोक जवळजवळ आडवं, आणि हात पुढे रेटायचा. वळण हवं असेल तर हात वळवायचा नाही, चामड्याच्या वाळूभरल्या उशीवर प्लेट फिरवायची. टोकापुढे तांब्याची बारीक तार उठते. रेघेच्या काठाला जी धार राहते, ती स्क्रेपरने काढली नाही तर शाई तिथे अडते.

त्याला हेंड्रिक गोल्त्सियस दाखवला. हार्लेमचा. १५८६ मध्ये त्याने रोमन वीरांची मालिका कोरली आणि सम्राट रुडॉल्फ दुसरा याला अर्पण केली. पुढे पान भरून उभा राहिलेला महाकाय वीर, स्नायूंचे नुसते डोंगर, आणि मागे लांबवर बोटभर आकारात त्याचा पराक्रम. त्यात म्युशियस स्कीव्होला आहे. रोमला वेढा घालून बसलेल्या पोर्सेन्ना राजाला मारायला तो छावणीत शिरतो, चुकून राजाच्या कारकुनाला मारतो, पकडला जातो, आणि मी कशालाच भीत नाही हे दाखवायला स्वतःचा उजवा हात वेदीवरच्या निखाऱ्यांत धरतो.

गोल्त्सियसचा स्वतःचा उजवा हात लहानपणी विस्तवात पडून भाजला होता. बोटं आयुष्यभर आखडलेली राहिली. हे त्याच्या ओळखीच्याच कारेल फान मांडरने लिहून ठेवलं आहे, आणि १५८८ मध्ये गोल्त्सियसने तोच हात शाईने रेखाटला, तो हार्लेमच्या टायलर संग्रहालयात आहे. हाताची बोटं नीट उघडत नसतील, तर ब्युरिनला लागणारा जोर दंडातून, खांद्यातून येत असणार. त्याच्या रेघा मध्ये फुगतात आणि टोकांना निमुळत्या होतात, त्या जोराचं रहस्य मला तिथे दिसतं. जळलेल्या हाताने जळणारा हात कोरला. आणि छापताना चित्र उलटं होतं, म्हणजे कागदावर उजवा हात जळताना दिसायला हवा तर तांब्यावर डावा कोरायला लागतो.

पोरगा बराच वेळ त्या हाताच्या रेखाटनाकडे बघत बसला. मग त्याने विचारलं, तो कारकून कोण होता? लिव्हीने त्याचं नाव दिलेलं नाही. राजासारखेच कपडे घालून तो शिपायांना पगार वाटत बसला होता, एवढंच कळतं.

३ डिसेंबर

भोपाळला सुट्टी. दुपारी बाहेर पडले नाही. १९८४ च्या त्या वायुगळतीच्या रात्री वारा जुन्या शहराकडे होता. स्टेशन, जयप्रकाश नगर, छोला, काझी कॅम्प इथली माणसं गेली. आमचा हा भाग बऱ्यापैकी वाचला. या वसाहतीत राहणाऱ्यांनी ते विसरू नये.

रघु राय यांनी काढलेलं त्या पुरल्या जाणाऱ्या बाळाचं छायाचित्र आज पुन्हा सगळीकडे. मातीतून वर राहिलेला चेहरा, उघडे डोळे, आणि कपाळावरून फिरणारा एक हात. रोमच्या चित्रांत मेलेल्या प्रत्येकाच्या मरणाला काहीतरी फळ येतं : राजे जातात, कायदे बदलतात, शहर मोठं होतं. इथे तसलं फळ दाखवायला कुणी धजलं नाही.

भाषणात हे आणायचं नाही असं ठरवलं. त्यांच्या दंतकथेशेजारी आमचे लोक ठेवायचे नाहीत.

५ डिसेंबर

आज कोर्नेलिस कॉर्ट. हॉलंडमधून व्हेनिसला आलेला, तिशियानच्या घरी राहून त्याची चित्रं कोरणारा. तिशियानने म्हातारपणी स्पेनच्या फिलिप दुसऱ्यासाठी 'टार्क्विन आणि लुक्रेशिया' रंगवलं, १५७१ मध्ये ते रवाना झालं. मूळ चित्र आता केंब्रिजला फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. कॉर्टची प्लेट त्याच सालची. राजाच्या खाजगी दालनातलं चित्र पैसे टाकून विकत घेता येईल असं झालं, ते या प्लेटमुळे.

हा कोरक मार्कान्तोनिओपेक्षा थोर, हे मान्य करायलाच हवं. पलंगाच्या पडद्यांच्या चुण्या, गादीचा मऊपणा, टार्क्विनच्या कपड्यांची चकाकी, सगळं एकाच हत्याराने. त्याचा सुरा उगारलेला आहे, गुडघा पलंगावर रेटलेला. ती उघडी, रडते आहे, एका हाताने त्याला ढकलते आहे. या प्लेटमधली प्रत्येक रेघ मला शिकवून जाते आणि मला हे चित्र घराच्या भिंतीवर नको.

मग नजर कडेला जाते. पडदा उचलून एक माणूस आत डोकावतो आहे. तो गुलाम. लिव्हीच्या कथेत त्या रात्री खोलीत तो नाहीच, तो फक्त धमकीत आहे. तिशियानने त्याला खोलीत आणून उभा केला आणि कॉर्टने तो तांब्यात पक्का केला.

पहिल्यांदा वाटतं की तो आपल्यासारखाच बघ्या आहे. चित्र हातात धरणारा माणूस त्याच्या शेजारी उभा असतो, एक पडदा उचलतो तर दुसरा पान. पण तो नुसता बघ्या नाही. ज्याचं प्रेत या बाईशेजारी टाकायची धमकी दिली जाते आहे, तो हाच. त्याचा जीव या गोष्टीत पुराव्याचं सामान आहे, खोट्या पुराव्याचं. चारशे-पाचशे वर्षं लोक या चित्रात लुक्रेशियाची त्वचा आणि टार्क्विनचा सुरा पाहत आले. कडेचा हा माणूस त्याच सुऱ्याखाली आहे.

हे चित्र दाखवायचं. पण सगळं एकदम नाही. आधी नुसता पडदा आणि तो चेहरा मोठा करून.

८ डिसेंबर

भाची रविवारची आली. केरवा रोडला राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकते, तिथलं जेवण तिला आवडत नाही, म्हणून भरली वांगी आणि भाकरी केली होती. जेवताना तिला लुक्रेशियाची गोष्ट सांगितली. ती लगेच म्हणाली, "मावशी, म्हणजे तिने जीव दिला तो पुरावा म्हणून. नाहीतर तिच्यावर विश्वास ठेवला असता का कुणी?"

मी तिला संत ऑगस्टीनचं सांगितलं. ४१० साली गॉथ लोकांनी रोम लुटलं, त्यात कितीतरी बायकांवर अत्याचार झाले आणि त्या जगल्या. लोक त्यांना लुक्रेशियाचं उदाहरण द्यायला लागले. तेव्हा 'ईश्वरनगरी' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात त्याने विचारलं : ती दोषी होती तर तिची स्तुती का, आणि निर्दोष होती तर तिला मारलं का? जगलेल्या बायकांच्या बाजूने तो उभा राहिला, हे मोठंच. पण लुक्रेशियाला त्याने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, दया नाही दाखवली. भाची म्हणाली, "म्हणजे उलटतपासणी घेतली." मग तिने मथुरा खटल्याचं काढलं. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती असावी. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

"जखम दाखव," असं त्या मुलीला सांगितलं गेलं. लुक्रेशियाने जखम स्वतः करून दाखवली. मार्कान्तोनिओच्या त्या दगडावरच्या अक्षरांचा मला का राग येतो, ते आज नीट कळलं.

भाचीने मला व्हर्जिनियाचीही गोष्ट काढायला लावली. परंपरेने इ.स.पू. ४४९. अप्पियस क्लॉडियस नावाच्या सत्ताधीशाला एक मुलगी हवी असते. आपल्या माणसाकरवी तो दावा लावतो की ती जन्माने गुलाम आहे, आणि निकाल स्वतःच देतो. बाप तिला चौकाच्या कडेला घेऊन जातो, खाटकाच्या दुकानातला सुरा ओढतो आणि तिला मारतो, तुला मोकळं करायचा हा एकच मार्ग आहे म्हणत. पुन्हा बंड, पुन्हा सत्तापालट. लिव्हीने या मुलीच्या तोंडी एकही वाक्य दिलेलं नाही. भाची ताट उचलायचं विसरून बसून राहिली.

११ डिसेंबर

शेजारच्या वहिनींच्या देवघराबाहेर 'जटायुवध' आहे. त्यांच्या सासूबाई धारहून लग्न होऊन आल्या तेव्हा सोबत आणलेला, काचेला आतून बुरशी. आज मुद्दाम जाऊन बघून आले. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जर्मन कारागीर, नंतर मालकी फ्रिट्झ श्लायशरकडे. एकेका रंगाला एकेक दगड, आणि सगळे कागदावर अचूक एकमेकांवर बसायला हवेत. १९७२ मध्ये त्या छापखान्याला आग लागली आणि कितीतरी दगड गेले. घराघरांत पूजेला लागलेल्या चित्रांच्या मागे एवढं गणिती काम होतं.

रावणाचं खड्ग चाललं आहे, जटायूचा पंख तुटतो आहे, आणि सीतेने चेहरा झाकून घेतला आहे. रविवर्म्यांनी तिला न पाहण्याचा हक्क दिला. सगळं रक्त तिच्यासाठी सांडतं आहे आणि ती त्याची प्रेक्षक व्हायला तयार नाही. कॉर्टच्या चित्रात पडद्याआडून डोळे येतात, इथे डोळे मिटले जातात. वहिनी म्हणाल्या, त्यांचा मुलगा लहानपणी या चित्रासमोर जेवायला बसायचा नाही.

बाईची विटंबना आणि सत्तेची उलथापालथ ही जोडी आपल्याकडेही आहेच. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त १९०७ साली प्रेक्षकांना कीचकाच्या जागी कर्झन दिसला, सैरंध्रीच्या जागी देश. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. ते नाटक मला प्रिय आहे आणि ती बंदी अन्यायाची होती. तरी सैरंध्रीचा देश झाला की सैरंध्रीचं काय होतं, हा प्रश्न मला लुक्रेशियाइतकाच तिच्याबद्दलही पडतो.

१४ डिसेंबर

राहिलेली दोन चित्रं निवडली.

आंद्रेआ आंद्रेआनी, १५८४, रोमनांनी केलेलं सॅबाइन स्त्रियांचं अपहरण. लाकडी ठोकळ्यांची छपाई, एका ठोकळ्याने रेघा आणि बाकीच्यांनी छटा. फ्लॉरेन्समधल्या जाम्बोलोन्याच्या पुतळ्यावरून केलेलं. विचार करायला लावणारी गोष्ट ही, की पुतळा घडवताना शिल्पकाराच्या मनात सॅबाइन कथा नव्हती. एकाच दगडातून एकमेकांत गुंतलेली तीन शरीरं काढून दाखवायची होती. नाव नंतर इतरांनी सुचवलं. म्हणजे ओरडणारी बाई आधी नुसती रचना होती. माझ्या धंद्यातल्या माणसांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरं हाइनरिश आल्डेग्रेव्हरचं, १५५३. टायटस मॅन्लियस सेनापती असतो. त्याचा मुलगा हुकूम मोडून शत्रूशी एकट्याने झुंजतो, जिंकून येतो, आणि शिस्त मोडली म्हणून बाप त्याचं डोकं उडवायला लावतो. लिव्हीच्या गोष्टीत कुऱ्हाड आहे. आल्डेग्रेव्हरने मात्र लाकडी चौकटीतून खाली पडणारं पातं दाखवलं. पॅरिसमध्ये गिलोटिन चाललं १७९२ मध्ये, तेव्हा हे चित्र अडीचशे वर्षांच्या आसपास जुनं होतं. चौकटीचे सांधे, पात्याची खोबण, सुताराला करून देता येईल इतकं स्पष्ट आहे.

२१ डिसेंबर

झालं भाषण. सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं, मागे खुर्च्या आणाव्या लागल्या. कॉर्टचा तो चेहरा आधी दाखवला, एकट्याचा. कुणी म्हणालं चोर आहे, कुणी म्हणालं घाबरला आहे. मग हळूहळू चित्र उघडलं. सभागृहात खुर्च्यांचाही आवाज नव्हता. मी गुलामाच्या धमकीची गोष्ट सांगितली तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे त्याचाही जीव जाणार होता!" त्या एका वाक्यासाठी ते चित्र दाखवलं ते बरं झालं.

मंडळाच्या एका सभासदांना पसंत पडलं नाही. त्यांचं म्हणणं, असली चित्रं दाखवूच नयेत, दाखवली की ती चालू राहतात. माझं मत वेगळं आहे, पण त्यांचा मुद्दा पोकळ नाही. सोळाव्या शतकात ही पानं वीरांचा धडा म्हणून विकली गेली आणि बाईचं उघडं अंग म्हणूनही, एकाच गठ्ठ्यात. मी त्यांना एवढंच म्हटलं की ती कुठून पाहायची हे आपण बदलू शकतो. ते मानले नाहीत. चहाच्या वेळी आम्ही पुन्हा त्यावरच बोललो.

सेक्रेटरीबाईंनी आल्डेग्रेव्हरच्या चित्राची प्रत मागितली, त्यांच्या यजमानांना दाखवायला.

२६ डिसेंबर

व्हर्जिनियाची प्लेट सुरू केली. जस्ताच्या पत्र्याऐवजी तांबंच घेतलं, बारा बाय नऊ इंच. कडा घासून उतरत्या केल्या, नाहीतर प्रेसखाली ब्लँकेट फाटतं. मलमल न्यू मार्केटमधून आणली.

अडचण जागेची आहे. बापाच्या मागे उभं राहून पाहिलं तर सुरा आपल्या हातात येतो. अप्पियसच्या आसनावरून पाहिलं तर मुलगी त्याची होते. गर्दीत उभं राहिलं तर आपण काही केलं नाही एवढंच कळतं. आज कच्चं रेखाटन खाटकाच्या ओट्यामागून केलं. त्याने सकाळी मांस कापायला ठेवलेला सुरा कुणीतरी झडप घालून नेला, आणि ओट्यावर त्याची जागा रिकामी पडली. त्या जागेवरून ओट्यापलीकडे मुलीचा चेहरा सरळ समोर येतो, आणि ती बापाकडे न बघता आपल्याकडे बघते. तोंड उघडं ठेवावं की मिटलेलं, हे ठरलेलं नाही. भाची म्हणते उघडं. लिव्हीने दिलं नाही ते वाक्य मी लिहिणार नाही, पण ओठ उघडायला काही हरकत नसावी. उद्या भाचीलाच समोर बसवून दोन्ही तऱ्हेने रेखाटून पाहते.